गुलाबाचा काटा आणि दह्याचे भांडे : एली मेचनिकॉफ यांची जीवनकथा

पॅरिसमधील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एक रक्षाकलश ठेवलेला आहे. त्यातील रक्षा एली मेचनिकॉफ यांची. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आणि आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षे याच संस्थेत घालवलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाने वैद्यकाची पदवी कधीच घेतली नव्हती. तरीही १९०८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या शरीरातील काही पेशी जंतूंना गिळून टाकतात आणि आपला बचाव करतात, हे त्यांनी जगाला दाखवले. परदेशातील दुकानांच्या थंड कपाटांत जिवंत जिवाणूंची ग्वाही देणारी दह्याची जी डबी आज रांगेने मांडलेली दिसतात, त्यांचा उगमही याच माणसाच्या एका व्याख्यानापाशी जाऊन पोहोचतो. पेशी जंतूंशी लढतात हा एक विचार आणि आतड्यांत जंतूंची मोठी वस्ती नांदते हा दुसरा, हे दोन्ही मेचनिकॉफ यांनी जन्मभर उराशी बाळगले. त्या दोहोंमधला दुवा मात्र त्यांच्या हाती पूर्णपणे कधीच लागला नाही.

इल्या इलिच मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खारकोव्हजवळच्या एका खेड्यात, आजच्या युक्रेनमध्ये झाला. वडील झारच्या शाही रक्षकदलातील अधिकारी आणि लहानशा जमिनीचे मालक. आई एमिलिया ज्यू वंशाच्या नेवाखोविच घराण्यातली, बुद्धिमान आणि मुलांवर जीव टाकणारी. भावंडांत इल्या सर्वांत धाकटा, चंचल आणि हळवा. त्याला डॉक्टर व्हायचे होते, पण माणसांचे दुःख पाहणे या मुलाला सोसणार नाही, असे आईचे मत पडले. तो प्राणिशास्त्राकडे वळला. खारकोव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन तो युरोपात संशोधनासाठी बाहेर पडला.

पुढील तीन वर्षे जर्मनी आणि इटलीत गेली. नेपल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर अलेक्झांडर कोवालेव्स्की या देशबांधवाबरोबर त्यांनी समुद्रातील क्षुद्र जीवांच्या गर्भवाढीचा अभ्यास केला. त्या शहरात पटकीची साथ आल्यावर दोघांना काम आवरते घ्यावे लागले. पटकी या रोगाशी मेचनिकॉफ यांची ही पहिली गाठ. याच काळात, १८६५ साली, गीसन येथे एका चपट्या कृमीचे निरीक्षण करताना त्यांना दिसले की या प्राण्यात अन्न पोटाच्या पोकळीत विरघळत नाही; आतल्या पेशीच अन्नाचे कण गिळतात आणि पचवतात. तेव्हा ही नोंद प्राणिशास्त्रातील एक बारीकसा तपशील एवढीच होती. पेशींना गिळता येते, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनात कुठेतरी रुजून राहिली.

या काळातील त्यांचे खासगी आयुष्य वाचवत नाही. १८६९ साली त्यांनी ल्युडमिला फेओदोरोविच यांच्याशी विवाह केला. वधू क्षयाने इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे ते तिला ऊबदार हवेच्या शोधात ठिकठिकाणी नेत राहिले. त्यापायी कर्ज झाले आणि अतिश्रमाने डोळे अधू झाले. १८७३ च्या एप्रिलमध्ये माडेरा बेटावर ती गेली. त्या शोकात मेचनिकॉफ यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून ते बचावले. दोन वर्षांनी ओडेसामध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा या तरुण मुलीशी दुसरा विवाह केला. ती त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकत असे. पुढे तीच त्यांची सहकारी झाली आणि त्यांच्यामागे त्यांची चरित्रकारही.

१८८१ हे वर्ष पुन्हा अंधाराचे होते. झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि विद्यापीठांत दडपशाही व गटबाजी माजली. ओल्गा विषमज्वरातून जेमतेम उठली होती. तुला येथे न्यायाधीश असलेले थोरले बंधू इव्हान इलिच यांचे त्याच वर्षी निधन झाले. टॉलस्टॉय यांच्या प्रसिद्ध दीर्घकथेतील इव्हान इलिच ही व्यक्तिरेखा त्यांच्यावरूनच घेतलेली आहे. थकलेल्या, निराश झालेल्या मेचनिकॉफ यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा ताप रक्तावाटे पसरतो का, हे पाहण्याचा प्रयोग, असे त्याचे बाह्य स्वरूप होते. गंभीर आजारातून ते उठले आणि ओल्गा यांच्या साक्षीप्रमाणे त्यानंतर त्यांची जगण्याची इच्छाच पालटून गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी ओडेसातील प्राध्यापकपद सोडले आणि पत्नी व तिच्या अनाथ झालेल्या भावंडांना घेऊन सिसिलीतील मेसिना गाठले.

तिथे समुद्रासमोरच्या घरात त्यांनी दिवाणखान्यातच सूक्ष्मदर्शक मांडला. १८८२ च्या डिसेंबरातील एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील शिकवलेली माकडे पाहायला गेली. मेचनिकॉफ एकटेच मागे राहिले आणि तारामाशाच्या पारदर्शक डिंभांमध्ये इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी पाहत बसले. या पेशी पचनाच्या कामी येत नव्हत्या. मग त्या कशासाठी? अन्न गिळणाऱ्या कृमीच्या पेशी त्यांना आठवल्या असाव्यात. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूलाही या पेशी गिळत असतील, तर त्या शरीराच्या रक्षक ठरतील. तसे असेल तर डिंभात एखादा काटा खुपसल्यावर पेशी त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. माणसाच्या बोटात कुसळ गेल्यावर तिथे पू धरतो, तसेच काहीसे. उत्तेजित होऊन ते खोलीत येरझारा घालू लागले, समुद्रावर फेरी मारून आले. अंगणात मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून संत्र्याच्या जातीचे एक रोप सजवलेले होते. तिथल्याच गुलाबाचे काही काटे त्यांनी तोडले आणि पाण्यासारख्या स्वच्छ डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहिले, तर काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला होता.

डिंभाला रक्तवाहिन्या नव्हत्या. तरी पेशी स्वतःहून काट्याकडे गेल्या होत्या. म्हणजे दाह हा निव्वळ रक्तवाहिन्यांचा बिघाड नव्हे. तो सजीवाचा फार जुना बचाव आहे, असा अर्थ मेचनिकॉफ यांनी लावला. दाहाकडे वैद्यक तोवर आजाराचेच एक रूप म्हणून पाहत होते. रोगविकृतिशास्त्राचे अध्वर्यू रुडॉल्फ फिर्खो तेव्हा मेसिनाला आले असता त्यांनी ही निरीक्षणे आस्थेने पाहिली आणि सावधही केले, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात आणि रोग फैलावतात, असेच तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जात होते. परतीच्या वाटेवर व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांनी गिळणाऱ्या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट हे नाव सुचवले. मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणतात. त्यांतील मोठ्यांना मेचनिकॉफ यांनी मॅक्रोफेज म्हटले आणि लहानांना मायक्रोफेज. पहिले नाव आजही चालते. दुसऱ्या गटाला आता न्यूट्रोफिल म्हणतात.

काटा हा जंतू नव्हे, असा आक्षेप सहज घेता आला असता. त्याला उत्तर मिळाले ते डॅफ्निया नावाच्या पाण्यातील काचेसारख्या जीवात. एका बुरशीचे टोकदार बीजाणू डॅफ्नियाच्या आतड्याची भिंत भेदून आत शिरतात, हे मेचनिकॉफ यांना दिसले. भक्षक पेशींनी ते वेळीच गिळले तर प्राणी जगे. बीजाणू वरचढ झाले तर मरे. एका जिवंत प्राण्याच्या शरीरातील युद्ध प्रथमच डोळ्यांनी पाहता आले होते. आतड्याची भिंत ओलांडली जाताच पेशी धावून येतात, हेही या प्रयोगात स्पष्ट दिसत होते. भिंतीच्या अलीकडे, आतड्याच्या पोकळीत जे जंतू असतात त्यांच्याकडे पेशी का जात नाहीत, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

ओडेसाने त्यांना पुन्हा बोलावले. पाश्चर यांच्या पिसाळरोगावरील लशीच्या यशानंतर १८८६ साली तिथे रशियातील पहिले जिवाणुशास्त्रीय केंद्र उघडले आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती असे केंद्र आहे, हे स्थानिक डॉक्टरांना रुचले नाही. मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचण्याच्या कामात चूक झाली आणि हजारो मेंढ्या दगावल्या. रशियात शांतपणे काम करणे अशक्य आहे, हे ओळखून ते दुसरे घर शोधू लागले. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्यांच्या काचपट्ट्या पाहून थंडपणे नकार दिला. पॅरिसमध्ये वृद्ध पाश्चर यांनी मात्र आपल्या नव्या संस्थेत त्यांना एक प्रयोगशाळाच देऊ केली. १८८८ साली मेचनिकॉफ पॅरिसला आले आणि तिथलेच झाले.

त्यांच्या मागोमाग ओडेसातील त्यांचा एक शिष्यही आला. राजकीय कारणांवरून तुरुंगवास भोगलेल्या या तरुणासाठी संस्थेत जागा होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. दिवसा पुस्तके सांभाळून तो उरलेल्या वेळात प्रयोग करी. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९२ साली त्याने पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन तो हिंदुस्थानात गेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा त्याला तिकडे बोलावण्यात आले. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्याने आधी स्वतःवरच आजमावली. परळच्या जुन्या सरकारी निवासस्थानातील त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. मुंबईकर ज्या नावाला आपलेच समजतात, त्याच्या शिक्षणाचा धागा असा मेचनिकॉफ यांच्या वर्गापर्यंत पोहोचतो.

पॅरिसमधील पहिली पंधरा वर्षे वादात गेली. जर्मन शास्त्रज्ञांचा पक्ष असा की जंतूंना मारते ते रक्तातील द्रव. पेशी फार तर मेलेल्या जंतूंची साफसफाई करतात. १८९० साली बेरिंग आणि किटासातो यांनी घटसर्प व धनुर्वाताची विषे निष्प्रभ करणारे द्रव्य रक्तात दाखवून दिले. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी लस टोचलेल्या गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीत पटकीचे जंतू पेशींच्या मदतीशिवाय विरघळताना दाखवले. मेचनिकॉफ प्रत्येक आघाताला नव्या प्रयोगाने उत्तर देत. विस्कटलेले केस, कागदांनी फुगलेले खिसे आणि भरभरून बोलणे अशा या माणसाचे सभेतील रूप एखाद्या धर्मप्रचारकासारखे असे. गंमत अशी की रक्तद्रवातील जंतुनाशक घटकांचा उलगडा करणारे ज्यूल बोर्दे यांनी ते काम केले मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेत. शिष्याचा निष्कर्ष गुरूच्या मताला धक्का देणारा होता. गुरूने तो अडवला नाही. त्यांच्या स्वभावातील ही बाजू त्यांच्या हट्टीपणाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या साऱ्या गदारोळात १८९२ साली युरोपवर पटकी आली. एकट्या हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. कॉख यांनी शोधलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतूच या रोगाचे कारण आहे का, यावर अजून वाद होता. म्युनिकमध्ये त्र्याहत्तर वर्षांचे माक्स फॉन पेटनकोफर यांनी त्या जंतूंचे द्रावण सर्वांसमक्ष पिऊन दाखवले आणि थोड्याशा जुलाबांवर ते निभावले. मेचनिकॉफ यांना हे चमत्कारिक वाटले. फ्रान्समधील साथीच्या गावांत फिरताना त्यांना दिसले होते की पटकी एका गावाला झोडपते आणि शेजारच्या गावाला सोडून देते. त्यांनीही पटकीच्या जंतूंचे पेय घेतले. काही झाले नाही. प्रयोगशाळेतील साहाय्यकाने घेतले. त्यालाही काही झाले नाही. मग आणखी एक तरुण स्वेच्छेने पुढे आला. त्याला मात्र खरीखुरी, भीषण पटकी झाली. ते दिवस मेचनिकॉफ यांनी कसे काढले असतील याची कल्पना करवत नाही. तरुण बचावला.

या प्रयोगाचे समर्थन आज कुणी करणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न फार मोलाचा होता. एकच जंतू, सारखेच पेय. मग तीन माणसांच्या पोटांत वेगवेगळ्या गोष्टी का घडाव्यात? पटकीचा जंतू आतड्याच्या पोकळीत आणि अस्तरावरच राहतो, रक्तात शिरत नाही. त्यामुळे रक्तातील भक्षक पेशींना त्याच्याशी भिडण्याची फारशी संधीच नसते. फरक दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे. मेचनिकॉफ यांनी पटकीचे जंतू इतर जंतूंच्या सोबतीने वाढवून पाहिले. काही जंतूंच्या शेजारी ते जोमाने वाढले, काहींच्या शेजारी त्यांची वाढ खुंटली. मग त्यांनी सशांची दूधपिती पिल्ले घेतली, कारण त्यांच्या आतड्यांत जंतूंची वस्ती अजून नीट बसलेली नसते. साहाय्यक जंतूंसह पटकीचे जंतू पाजल्यावर या पिल्लांना माणसासारखीच आतड्यांची पटकी झाली. प्रौढ सशांत हे घडवून आणणे जमत नव्हते.

याचा अर्थ सरळ होता. आतड्यांत आधीपासून राहणारे जंतू हे पाहुण्या जंतूचे भवितव्य ठरवतात. म्हणजे रोगप्रतिकार हे केवळ आपल्या पेशींचे काम नाही; आपल्या पोटातील परक्या वस्तीचाही त्यात वाटा आहे. १८९४ साली हे म्हणणे काळाच्या फार पुढचे होते. इथूनच पुढे जाऊन मेचनिकॉफ यांनी ही वस्ती आणि भक्षक पेशी यांचे परस्परांशी नाते काय, असे विचारले असते, तर एका नव्या शास्त्राचा पाया तेव्हाच पडला असता. पण त्यांचे मन दुसऱ्याच प्रश्नाने व्यापले होते. ते पन्नाशीला आले होते आणि म्हातारपणाचा विचार करू लागले होते.

१९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील ग्रंथात आणि त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या दीर्घायुष्यावरील निबंधांत त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. मोठे आतडे हा माणसाला निरुपयोगी झालेला अवयव आहे. तिथे अन्नाचे अवशेष साचतात, जंतू ते कुजवतात, फिनॉल आणि इंडोलसारखी विषारी द्रव्ये तयार होतात आणि रक्तात झिरपतात. त्या विषांनी धमन्या कठीण होतात, अवयव दुबळे होतात. मग मॅक्रोफेज पेशी आपल्याच शरीरावर उलटतात, मेंदूच्या पेशी खातात, केसांतील रंग खाऊन ते पांढरे करतात. मेसिनाच्या पहाटे ज्या पेशींना त्यांनी रक्षक म्हणून ओळखले होते, त्याच पेशी वीस वर्षांनी त्यांच्या लेखी घरभेदी ठरल्या, आणि त्यांना फितवणारे होते आतड्यांतील जंतू.

उपाय त्यांना पटकीच्या प्रयोगांतूनच सुचला. वाईट जंतूंना चांगल्या जंतूंनी रोखायचे. दूध आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि कुजवणाऱ्या जंतूंना आम्ल मानवत नाही. बल्गेरियातील दही खाणाऱ्या खेडुतांत शतायुषी माणसे पुष्कळ, अशी माहिती त्यांच्याकडे होती. स्तामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने १९०५ च्या सुमारास जिनेव्हात त्या दह्यातील जिवाणू वेगळा काढला होता. १९०४ मधील पॅरिसच्या एका व्याख्यानात मेचनिकॉफ यांनी म्हातारपणावरील आपले विचार मांडले, वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि पाहता पाहता युरोप व अमेरिकेत आंबट दुधाची लाट आली. औषधविक्रेते जिवाणूंच्या गोळ्या विकू लागले. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन हे शल्यविशारद तर रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. स्वतः मेचनिकॉफ यांचा मार्ग सौम्य होता: कच्चे काही खायचे नाही, फळेसुद्धा उकळत्या पाण्यातून काढायची आणि रोज उकळलेल्या दुधात शुद्ध जिवाणूंचे विरजण लावून केलेले दही घ्यायचे. दूध तापवून, कोमट करून विरजण लावणे ही ज्या घरांत रोज रात्रीची सवय, त्यांना यात नवल ते काय वाटावे! पण पॅरिसच्या सुखवस्तू समाजाला ही दीर्घायुष्याची गुरुकिल्ली वाटली.

बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच दिसून आले. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हेही खरे ठरले नाही. याची एक सूचना त्यांच्याच घरातून मिळाली होती. १९०१ साली ओल्गा यांनी बेडकांची पिल्ले पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढवून पाहिली आणि त्यांची वाढ खुंटलेली आढळली. संस्थेतील दुसऱ्या एका संशोधकाने १९१२ मध्ये कोंबडीची पिल्ले काही आठवडे निर्जंतुक स्थितीत सुखरूप वाढवली, तेव्हा मेचनिकॉफ यांना स्वाभाविकपणे हा दुसरा निष्कर्ष अधिक भावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्जंतुक उंदरांवर सविस्तर काम झाले आणि ओल्गा यांच्या निरीक्षणाचे मर्म कळले. जंतूंविना वाढलेल्या उंदराच्या आतड्यातील रोगप्रतिकारक ऊती अर्धवटच राहतात. पेशींना त्यांचे काम शिकवण्यात आतड्यातील वस्तीचा हात असतो.

शरीरातील मॅक्रोफेज पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्याच्या भिंतीतच असतो, हे आता माहीत आहे. या पेशी आत शिरलेला जंतू गिळतात, मात्र इतर ठिकाणच्या मॅक्रोफेजसारखी धोक्याची घंटा वाजवत नाहीत. श्लेष्म्याचा थर जंतूंना अस्तरापासून दूर ठेवतो. त्यात स्रवणारी प्रतिपिंडे जंतूंना लपेटून टाकतात. आणि काही लसिका पेशी दाह आवरून धरतात. ही व्यवस्था कोलमडली की आतड्याचे दीर्घकालीन दाहरोग होतात. काट्याभोवती एका रात्रीत वेढा घालणारी पेशी कोट्यवधी जंतूंच्या शेजारी जन्मभर संयमाने राहते.

हा संयम नेहमी जमतोच असे नाही, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जठरातले आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत एक वळणदार जिवाणू दिसला आणि त्याच्या आसपास पांढऱ्या पेशींची गर्दी. त्या गर्दीत न्यूट्रोफिल होते, म्हणजे मेचनिकॉफ यांचे मायक्रोफेज. वॉरन यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जिवाणूचे द्रावण स्वतः प्यायले आणि त्यांना जठराचा दाह झाला. पॅरिसमधील पटकीच्या पेयानंतर नऊ दशकांनी तोच धाडसी आणि तितकाच न अनुकरण्याजोगा मार्ग! हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू स्वतःभोवती अमोनिया तयार करून जठरातील आम्ल निष्प्रभ करतो आणि श्लेष्म्यात दडून राहतो. पेशी गोळा होतात, प्रतिपिंडे तयार होतात, पण उपचार न झाल्यास तो बहुधा जन्मभर जात नाही. वर्षानुवर्षे धुमसणारा दाहच शेवटी काहींना व्रण देतो, काही थोड्यांना कर्करोगही. मेचनिकॉफ यांच्या पेशी इथे लढतात, हरत नाहीत आणि जिंकतही नाहीत.

पेशी आणि रक्तद्रव यांच्या वादाचा निकाल मेचनिकॉफ यांच्या हयातीतच लागला. १९०३ मध्ये लंडनला अल्मरॉथ राइट यांनी दाखवले की रक्तातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि त्यामुळे भक्षक पेशी त्यांना अधिक सहज गिळतात. दोन्ही पक्ष बरोबर होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक द्रवपक्षाचे पॉल एर्लिख आणि पेशीपक्षाचे मेचनिकॉफ यांना विभागून मिळाले. ते स्वीकारण्याच्या निमित्ताने केलेल्या प्रवासात मेचनिकॉफ रशियाला गेले आणि १९०९ च्या वसंतात यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांना भेटले. विज्ञानावर अगाध श्रद्धा असलेला एक वृद्ध आणि त्याविषयी मनात खोल शंका असलेला दुसरा वृद्ध. ज्या बंधूच्या मरणावरून ती कथा लिहिली गेली, त्याचा भाऊ समोर बसला होता.

१९१३ च्या अखेरीस त्यांचे हृदय कुरकुरू लागले. शास्त्रज्ञाच्या सवयीने ते स्वतःच्या दुखण्याची टिपणे ठेवू लागले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले, प्रयोगशाळांतील तरुण रणांगणावर गेले आणि ज्या संस्थेत माणसांची वर्दळ असे ती ओकीबोकी झाली. दुखण्यापेक्षा या गोष्टीने ते अधिक खचले. १९१५ च्या मे महिन्यात त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. आपले आईवडील आणि भावंडे या वयापर्यंत पोहोचली नव्हती, याची त्यांनी नोंद केली आणि आपल्या आहाराचे हे यश असावे असे मानले. शंभरी गाठण्याचा मार्ग सांगणाऱ्या माणसाला सत्तरीवर समाधान मानावे लागले, यात टीकाकारांना विनोद दिसला.

जुलै १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. अखेरच्या दिवशी संस्थेतील इटालियन सहकारी सालिंबेनी त्यांच्याजवळ होते. आपले शवविच्छेदन सालिंबेनी यांनीच करावे, असे मेचनिकॉफ यांनी त्यांना सांगितले, आणि आतडी जरा नीट पाहावीत, तिथे काहीतरी असावे असे वाटते, असेही बजावले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवण्यात आली.